सैनिकाचे कॉलेज : पैसा हाती आला, पण निवड कोणाच्या हाती?

आपल्या वस्तीला फौज ही ऐकीव गोष्ट नाही. कोणाचे आजोबा पलटणीत होते, कोणाचे काका महार रेजिमेंटमधून सुभेदार होऊन आले, कोणाचा मुलगा आजही सरहद्दीवर उभा आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गणवेशातला फोटो लावलेली घरे आपल्याकडे बरीच आहेत. फौजी माणूस घरी परत आला की पेन्शनचे बोलणे होते, खोलीचे होते, बहिणीच्या लग्नाचे होते. पण "आता तू शिकणार कुठे?" असे त्याला विचारणारे थोडे. आणि "वहिनी, तुम्ही तुमचे अर्धवट राहिलेले शिक्षण कुठे पुरे करणार?" असे त्याच्या बायकोला विचारणारे तर त्याहून थोडे.

सैनिकाने आणि सैनिकाच्या घरच्यांनी कॉलेज कसे निवडायचे, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. त्यातला सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत १९४४ साली झाला. तो आपण मुद्दाम समजून घ्यावा असे आम्हांला वाटते. त्या प्रयोगात तिथल्या कृष्णवर्णीय सैनिकाची जी गत झाली ती आपल्या लोकांना चटकन कळण्यासारखी आहे. सरकारने पैसा दिला, कायदा केला, पण दार कोणते उघडायचे हे ठरवणारा हात दुसऱ्याचाच राहिला. तेव्हा पैसा हाती येणे ही एक गोष्ट आणि निवड हाती येणे ही दुसरी, हे या लेखाचे सांगणे आहे.

पलटणीतली शाळा

सुरुवात आपल्या घरापासून करू. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, असे खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. गावच्या शाळेत ज्याला पायरीवर बसू देत नव्हते, त्याच्या हातात छावणीत पाटी आली. सुभेदार रामजी सकपाळ हे त्याच व्यवस्थेतून घडलेले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर म्हणून काम केले. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले. त्यानंतर थोड्याच काळात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. म्हणजे नोकरी तर गेलीच, पण नोकरीबरोबर मिळणारी शाळाही गेली. हे दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे होते.

रामजीबाबांनी काय केले ते पाहा. पेन्शन तुटपुंजी, घरात खाणारी तोंडे पुष्कळ. तरी मुंबईला आल्यावर पोराला जवळच्या कोणत्याही शाळेत नुसता अडकवून ते मोकळे झाले नाहीत. त्यांनी त्याला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातला. ती सरकारी आणि नावाजलेली शाळा. पुस्तकांसाठी पैसा नसला की लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा दागिना गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून आणायचा, ही हकिगत चरित्रांतून आपण वाचलेली आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज, बडोदे सरकारची शिष्यवृत्ती आणि १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. शिष्यवृत्तीचे मोल आम्ही कमी करत नाही. पण त्याआधी एका पेन्शनर सुभेदाराने शाळा निवडली होती, हे विसरून चालणार नाही.

१९४४ चा कायदा

आता अमेरिकेकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात तिथले सुमारे १ कोटी ६० लाख लोक सैन्यात होते. युद्ध संपल्यावर एवढी माणसे एकदम घरी आली तर नोकऱ्या कुठून आणणार, ही सरकारला धास्ती होती. पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांना बोनससाठी १९३२ साली वॉशिंग्टनला मोर्चा न्यावा लागला होता आणि सरकारने तो फौज घालून हुसकावला होता. ती नाचक्की लोक विसरले नव्हते. म्हणून अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने पुढाकार घेतला, हॅरी कोलमेरी यांनी मसुदा लिहिला आणि २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली. त्याला लोक 'जीआय बिल' म्हणतात. जीआय म्हणजे तिथला साधा शिपाई.

कायद्यात काय होते? निदान नव्वद दिवस नोकरी झालेली असावी आणि बडतर्फीचा डाग नसावा. अशा माणसाची कॉलेजची फी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत सरकार भरणार. त्या काळी एवढ्यात नामांकित विद्यापीठाचीही फी भागत असे. शिवाय खाण्याराहण्यासाठी एकट्याला महिना ५० डॉलर, कुटुंब असेल तर ७५ डॉलर. पुढे ही रक्कम वाढवली. आणि मुख्य मुद्दा हा की कॉलेज कोणते ते सैनिकाने निवडायचे. सरकारने मान्य केलेली कोणतीही संस्था, जी त्याला प्रवेश देईल ती.

मोठमोठ्या विद्यापीठांच्या काही कुलगुरूंनी नाके मुरडली, हे शिपाईगडी येऊन आमचा दर्जा घालवणार म्हणाले. घडले उलटेच. हे प्रौढ, बायकापोरांचे धनी असलेले विद्यार्थी वर्गात सर्वांत नेटाने अभ्यास करणारे निघाले. १९४७ साली अमेरिकन कॉलेजांत निम्म्याच्या आसपास विद्यार्थी माजी सैनिक होते. १९५६ साली ही योजना संपेपर्यंत ७८ लाख माजी सैनिकांनी काही ना काही शिक्षण घेतले. त्यांपैकी सुमारे २२ लाख कॉलेजात गेले. ज्यांच्या घरात कधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते अशा घरांतून डॉक्टर, इंजिनिअर, मास्तर तयार झाले.

कागदावर समान, दारात वेगळे

या सैनिकांत दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय होते. कायद्यात काळा-गोरा हा शब्दच नव्हता, सवलत सर्वांना सारखी होती. मग घोडे कुठे अडले?

ते अमलात अडले. कायदा संसदेत होता तेव्हा मिसिसिपीचे जॉन रँकिन हे संबंधित समितीचे अध्यक्ष होते. काळ्या माणसाला वरचष्मा मिळेल असे काहीही त्यांना नको होते. कारभार जितका राज्यांच्या आणि स्थानिक लोकांच्या हाती राहील तितके बरे, हा त्यांचा आणि दक्षिणेतल्या पुढाऱ्यांचा आग्रह. तो बराचसा पार पडला. दक्षिणेच्या राज्यांत गोऱ्यांची कॉलेजे वेगळी आणि काळ्यांची वेगळी, असा तिथला कायदाच होता. सैनिकाच्या खिशात सरकारची हमी होती, पण मिसिसिपी विद्यापीठाचे दार त्याला बंद. राहिली काळ्यांची कॉलेजे. ती संख्येने थोडी, इमारती लहान, प्रयोगशाळा अपुऱ्या, वसतिगृहात खाटा नाहीत. युद्धाहून आलेल्या मुलांचा लोंढा तिथे गेला आणि हजारो जणांना "जागा नाही" या दोन शब्दांवर परत फिरावे लागले. सल्ला द्यायला बसलेले सरकारी अधिकारी बहुतेक गोरे. "तुला कॉलेज कशाला? शिवणकाम शिक, जोडे दुरुस्ती शिक," असा त्यांचा कल. आपल्या लोकांना हे वाक्य भाषांतर करून सांगायची गरज नाही.

तरी जे आत शिरले त्यांनी चित्र पालटले. १९४० साली अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेज विद्यार्थ्यांत काळ्यांच्या कॉलेजांतील विद्यार्थी शंभरात जेमतेम एक होता. १९५० साली हे प्रमाण शंभरात साडेतीनच्या पुढे गेले. अपुऱ्या इमारतींत, जादा तास घेऊन हे झाले.

चौघांची निवड

आकड्यांपेक्षा माणसांकडे पाहिले की निवड म्हणजे काय ते कळते.

मेडगर एव्हर्स हा मिसिसिपीचा पोरगा. युद्धात युरोपात होता. १९४६ साली सुटून आला आणि अल्कॉर्न या काळ्यांच्या कॉलेजात शिकून १९५२ साली पदवीधर झाला. १९५४ साली त्याने मिसिसिपी विद्यापीठाच्या लॉ स्कूलला अर्ज केला. प्रवेश नाकारला गेला. तो काळ्या लोकांच्या एनएएसीपी या संघटनेचा मिसिसिपीतला पूर्णवेळ कार्यकर्ता झाला आणि १२ जून १९६३ रोजी राहत्या घराच्या दारात त्याला गोळी घालून ठार मारले. फौजेच्या मानाने त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरले. मेल्यावर फौजेने सलामी दिली, जिवंतपणी विद्यापीठाने बाकावर बसू दिले नाही.

डोव्ही जॉन्सन राउंडट्री ही बाई १९४२ साली स्त्रियांच्या सैनिकी दलात अधिकारी होण्यासाठी गेलेल्या पहिल्या तुकडीतली. युद्धानंतर तिने सैनिकाची सवलत घेऊन वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकायचे ठरवले. हॉवर्डचे लॉ स्कूल निवडण्याला अर्थ होता. वर्णभेदाविरुद्ध कोर्टात लढणारे वकील तिथेच तयार होत होते. १९५० साली ती तिथून बाहेर पडली. पुढे सारा कीज या गणवेशातल्या काळ्या मुलीला बसमधल्या जागेवरून अपमान सोसावा लागला. तो खटला डोव्हीने लढवला आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये आंतरराज्य बसगाड्यांतली ही शिवाशिव बेकायदा ठरली. फौजेतल्या एका बाईने निवडलेले कॉलेज दुसऱ्या फौजी मुलीच्या कामी आले.

तिसरा जेम्स मेरेडिथ. १९५१ ते १९६० अशी नऊ वर्षे हवाई दलात. नोकरीत असतानाच त्याने वेगवेगळ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम जमतील तसे केले. मेरीलँड विद्यापीठ तेव्हा परदेशातल्या अमेरिकन तळांवर सैनिकांसाठी वर्ग चालवत असे. सुटून आल्यावर तो जॅक्सन स्टेट या काळ्यांच्या कॉलेजात दाखल झाला. तिथेच राहिला असता तर कोणी त्रास दिला नसता. पण जानेवारी १९६१ मध्ये त्याने मिसिसिपी विद्यापीठाला पत्र लिहिले. मेडगर एव्हर्स त्याच्या पाठीशी उभा राहिला. दीड वर्ष कोर्टकचेरी चालली. ३० सप्टेंबर १९६२ च्या रात्री विद्यापीठात दंगल झाली, दोन माणसे मेली आणि सरकारला हजारोंनी फौज पाठवावी लागली. १ ऑक्टोबरला मेरेडिथने नाव नोंदवले. देशासाठी नऊ वर्षे गणवेश घातलेल्या माणसाला वर्गापर्यंत पोहोचवायला गणवेशातली माणसे लागली. ऑगस्ट १९६३ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला. एव्हर्सचा खून होऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

चौथी मर्ली एव्हर्स, मेडगरची बायको. दोघांची ओळख अल्कॉर्न कॉलेजातच झाली, १९५१ साली लग्न झाले आणि तिचे शिक्षण मागे राहिले. तीस वर्षांची असताना ती विधवा झाली, पदरात तीन लेकरे. ती कॅलिफोर्नियाला गेली, पोमोना कॉलेजात तिने नाव घातले आणि १९६८ साली पदवी घेतली. पुढे १९९५ साली एनएएसीपीच्या अध्यक्षपदी तिचीच निवड झाली. आपल्या आयाबहिणींनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

सैनिकाच्या घरच्या बाईचे शिक्षण

१९४४ च्या कायद्यात बायकोच्या शिक्षणाला स्थान नव्हते. सेवेत मरण पावलेल्यांच्या मुलांसाठी १९५६ साली कायदा झाला. विधवांचा आणि कायमच्या जायबंदी सैनिकांच्या पत्नींचा विचार व्हायला १९६८ उजाडले. २००८ साली नवा कायदा झाला तेव्हा काही अटींवर सैनिकाला आपली छत्तीस महिन्यांची सवलत बायकोच्या किंवा मुलांच्या नावे करता येऊ लागली. सहा वर्षे नोकरी झालेली असावी आणि पुढची चार वर्षे करायची तयारी असावी, ही त्याची मुख्य अट.

पण फौजीच्या बायकोची खरी अडचण फीच्या पुढची आहे. नवऱ्याची बदली झाली की बिऱ्हाड हलते. एका गावी झालेले वर्ष दुसऱ्या गावचे कॉलेज धरत नाही, पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. असे तीनदा झाले की बाई पुस्तके बांधून माळ्यावर टाकते. यावर अमेरिकेत १९७२ साली बऱ्याच कॉलेजांनी मिळून तोड काढली. एकाने दिलेले गुण दुसऱ्याने मानायचे आणि इतकी वर्षे इथेच काढा अशी सक्ती करायची नाही. आपल्याकडे १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांचा उपयोग अशा बायकांना झाला आहे. २०२१ पासून मिळवलेले श्रेयांक साठवून दुसरीकडे नेण्याची सोयही विद्यापीठ अनुदान आयोगाने सुरू केली.

पैशाच्या वासाने आलेली दुकाने

सैनिकाच्या हाती सरकारी पैसा आहे म्हटल्यावर त्यावर डोळा ठेवणारेही आले. १९४४ नंतर अमेरिकेत गल्लोगल्ली धंदेवाईक शाळा निघाल्या. शिकवणे थोडे, बिले मोठी. म्हणून १९५२ साली कोरिया युद्धाच्या सैनिकांसाठी कायदा करताना नियम घातला की अशा अभ्यासक्रमात शंभरातले निदान पंधरा विद्यार्थी स्वतःच्या पैशाने आलेले असले पाहिजेत. यामागचा विचार सरळ आहे. पदरचे पैसे मोजून ज्या शाळेत कोणीच येत नाही, ती फुकटच्या पैशावर जगणारी शाळा समजावी.

तरी खोड गेली नाही. २००८ नंतर नफ्यासाठी चालणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी सैनिकांना गाठून भरती केले. त्यांतल्या कोरिंथियन कॉलेजेस २०१५ साली आणि आयटीटी टेक २०१६ साली बंद पडली. विद्यार्थी मधल्या मध्ये लटकले. सवलतीचे महिने संपले आणि पदवी नाही. २०१७ साली कायदा करून अशांची बुडालेली सवलत भरून देण्याची सोय झाली. सैनिकाचा पैसा 'सरकारी पैसा' म्हणून मोजलाच जात नव्हता आणि त्या पळवाटेनेच तो सर्वांना हवासा झाला होता. ती पळवाट बंद करणारा कायदा २०२१ साली झाला.

आपल्याकडे त्याच काळी

१९४४ सालीच आपल्या देशात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पण ते शिष्यवृत्तीवर थांबले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि १९५० साली औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झालेले कॉलेज. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे पोटासाठी नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. अमेरिकेत पैसा होता आणि काळ्यांच्या कॉलेजात जागा नव्हती. इथे बाबासाहेबांनी पैसा आणि जागा दोन्ही एकदम उभे केले. त्याच १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांच्या लढ्याबद्दल विचारणा केली होती. तिकडचे दुखणे ते जाणून होते.

आज आपल्या घरी

आज हा प्रश्न पुन्हा तातडीचा आहे. २०२२ पासून अग्निपथ योजनेत जाणारी मुले चार वर्षांनी, ऐन तरुण वयात, बाहेर पडायची आहेत. कायम होणार आहेत ती पंचवीस टक्क्यांपर्यंत. निघताना हाती साडेअकरा लाखांहून अधिक रक्कम पडायची आहे. रक्कम पडली की सल्ला देणारेही दारात येतील. कोणी गाडी म्हणेल, कोणी प्लॉट, कोणी म्हणेल "सहा महिन्यांत डिग्री देतो". इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी वेगळी पदवी आखली आहे, तिच्यात सैनिकी प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक धरले जातात. ती चांगली सोय आहे. पण पुढे आपल्याला जे करायचे आहे त्याला तीच पदवी पुरेल का, हे आधी विचारावे. तसेच दहावी पास आणि पंधरा वर्षे नोकरी झालेल्या माजी सैनिकाला काही सरकारी जागांसाठी पदवीधरासमान धरतात. ते नोकरीपुरते. ते दाखवून एम.ए.ला किंवा वकिलीला प्रवेश मिळेल असे समजू नये.

म्हणून फॉर्म भरण्याआधी घरात बसून पाच प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो. विद्यापीठाला अनुदान आयोगाची मान्यता आहे का? आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती पाहावी. आपला पैसा किंवा सवलत अभ्यासक्रम संपेपर्यंत पुरेल का? बदली झाली, गाव सुटले, तर झालेला अभ्यास दुसरीकडे धरतील का? तिथून शिकून बाहेर पडलेली मुले आज काय करतात, त्यांच्यातल्या दोघांना तरी भेटलो का? आणि पाचवा, जो हे कॉलेज सुचवतो आहे त्याचा त्यात काय फायदा?

याला आम्ही सहावा प्रश्न जोडतो, तो स्वतःला विचारायचा. "तुमच्यासाठी एवढे पुरे" असे कोणी म्हटले आणि आपण मान डोलावली, असे तर होत नाही ना? शिवणकाम वाईट नाही, ड्रायव्हिंग वाईट नाही. ज्याने स्वतः निवडले त्याने ते अभिमानाने करावे. पण दुसऱ्याने आपल्यासाठी मोजून ठेवलेले माप म्हणून ते पत्करू नये. मेरेडिथला जॅक्सन स्टेट पुरेसे होते, असे मिसिसिपीतल्या पुष्कळ लोकांचे मत होते. रामजी सुभेदारांच्या पोराला मराठी चार इयत्ता पुरेत, असे म्हणणारेही त्या काळी कमी नव्हते.

आपल्या वस्तीतली जी मुले आज पलटणीत आहेत ती सुट्टीवर येतील तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांना जवळ बसवून हे सारे बोलावे, आणि बोलताना सुनेलाही शेजारी बसवावे. कोणत्या कॉलेजचा फॉर्म आणायचा हे त्या दोघांनी ठरवावे. आपण फक्त त्यांच्याबरोबर चौकशीला जावे.